काळ्या मातीतले इंझोरी

इंझोरी हे वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले, कारंजा–मानोरा रस्त्यावरचे गाव. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते नव्या जिल्ह्यात आले. गावाचे सारे व्यवहार या रस्त्यावर अवलंबून: शाळा, दवाखाना, बाजार, बसची वाट.

जमीन काळी, बेसॉल्ट खडक झिजून बनलेली. पावसात ती फुगते, चालणाऱ्याच्या चपलेला ढेकूळ होऊन चिकटते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याचा हा गुणच कोरडवाहू शेती तारतो. सोयाबीन ऑक्टोबरात निघते, त्याच्या ओळींमधली तूर मात्र हिवाळाभर उभी राहते. कपाशीही आहेच. परिसराचे पाणी अडाण नदीचे. ती पुढे पैनगंगेला मिळते.

मुरमाड माळावर पळस असतो, फाल्गुनात पान नसलेला आणि केशरी. शेजारच्या कारंजा तालुक्यात सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. काळविटाला दाट जंगल नको, उघडे गवत हवे, कारण त्याचा बचाव नजर आणि वेग यांवर. पर्यटकाला हे कौतुकाचे. शेतकऱ्याला रोही आणि रानडुकरांपायी रात्रीची जागल करावी लागते.