ईस्टरचा जमाखर्च

सणाचा हिशेब मांडतांना बहुधा खर्चाचीच बाजू डोळ्यांत भरते. ईस्टर या ख्रिस्ती लोकांच्या वसंतांतील सणाची जमेची बाजू मात्र कित्येक आठवडे अगोदर सुरू होते. ती ध्यानांत घेतल्यावांचून त्याच्या खर्चाचा अर्थ लागत नाहीं.

ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा हा दिवस चंद्रावर अवलंबून आहे. इ. स. ३२५ मधील नायसीया येथील धर्मपरिषदेनंतर रूढ झालेल्या नियमाप्रमाणें २१ मार्च रोजीं वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढील रविवार तो ईस्टर. त्यापूर्वीं उपवासकाल असतो : पाश्चात्य परंपरेंत रविवार वगळून चाळीस दिवस, केरळांतील सीरो-मलबार परंपरेंत पन्नास दिवस. या काळांत व्रतस्थ घरांत मांस वर्ज्य. जुन्या रीतीनें अंडीं व दूधहि वर्ज्य. चातुर्मासांत कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांस ही शिस्त अपरिचित वाटूं नये.

चंद्रपूर जिल्ह्यांत ही दुसरी परंपरा आढळते. कोळशाच्या खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी व १९८३ पासून वीज देणारें ऊर्जानगरचें औष्णिक केंद्र यांमुळें तेथें नाना प्रांतांचीं कुटुंबें येऊन राहिलीं. सीरो-मलबार पंथाच्या चांदा धर्मप्रांताचें पीठ बल्लारपूर येथें असून त्यास १९७७ सालीं पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला.

या पंथाच्या घरीं पवित्र गुरुवारीं तांदूळ व उडीद यांच्या पिठाची, न आंबविलेली भाकर वाफवितात. तिला ‘पेसहा अप्पम्’ म्हणतात. घरांतील वडील माणूस ती मोडून गूळ घातलेल्या नारळाच्या दुधासह सर्वांस वांटतो. वर्षाच्या आंत मृत्यु घडलेल्या घरीं ती करीत नाहींत. तेथें शेजारी वा आप्त नेऊन देतात. रविवारीं उपासनेनंतर मऊ अप्पम् व मांसाचा रस्सा असा उपवास सुटतो. तांदूळ, उडीद, गूळ, नारळ हे नेहमींच्या वाणसामानांतले जिन्नस. आणि रविवारच्या मांसाचे पैसे मागील पन्नास दिवसांनींच वांचवून ठेविलेले असतात.

यूरोपांतील अंड्यांची कथाहि याच हिशेबाची आहे. उपवासांत माणसें अंडीं खात नसत, परंतु वसंतांत दिवस मोठा होऊं लागला कीं कोंबड्या अधिकच अंडीं घालीत. सांचलेलीं अंडीं रंगवून सणाला वांटण्याची चाल पडली. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें १२९० सालीं अशीं ४५० अंडीं १८ पेन्सांत घेतल्याची नोंद आहे. पुढें १८७३ सालीं ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनें चॉकलेटचें पोकळ अंडें काढलें, आणि १८७५ सालीं कॅडबरीनें तिचें अनुकरण केलें. घरांत उरणारी वस्तु येथून दुकानांत विकत मिळूं लागली. वांद्र्याच्या बेकऱ्यांतून मिळणारीं मार्झिपानचीं रंगीत अंडीं हें तिचें मुंबईकर रूप होय.

उपवास गळाला, खरेदी मात्र वाढली. अमेरिकेंत २०२३ सालीं ईस्टरनिमित्त सुमारें २,४०० कोटी डॉलर खर्च होतील असा तेथील किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघाचा अंदाज होता. अशा सणाची दोरी दूरच्या बाजाराच्या हातीं जाते. पश्चिम आफ्रिकेंतील पीक बुडतांच मार्च १९२४ नव्हे, अगदीं अलीकडे, मार्च २०२४ मध्यें कोकोचा भाव टनास १०,००० डॉलरांवर गेला. तांदूळ-गुळाच्या सणास असा धक्का सहसा बसत नाहीं.

जमेच्या बाजूस आणखी एक नोंद आहे. उपवासासोबत प्रार्थना व दानधर्म हीं कर्तव्यें सांगितलेलीं आहेत. आपण जें खाल्लें नाहीं तें गरिबाच्या पोटांत जावें, असा उपदेश पांचव्या शतकांत पोप लिओ यानें केला होता. म्हणजे वांचलेला सारा पैसा सणाच्या पानावर यावयाचा नव्हता. त्यांतील वांटा दुसऱ्याच्या चुलीचा होता. महिन्याच्या पगारांत संसार बसविणाऱ्या कोणत्याहि धर्माच्या कुटुंबानें सणाची यादी करतांना हें जुनें खातें एकवार उघडून पाहावें.