बिऱ्हाड हलविताना उरलेले साहित्य

प्राथमिक शिक्षकाच्या आयुष्यात बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग किती वेळा येतो, हे या पुस्तिकेच्या वाचकांस सांगावयास नको. बदलीचा आदेश हाती पडतो आणि चार-पाच वर्षे माळ्यावर साठलेल्या वस्तू एका दिवसात अंगणात येतात. अशा वेळी मदतीस आलेला स्नेही दिवसभर एकच प्रश्न विचारीत असतो : हे न्यावयाचे की टाकावयाचे? मागील उन्हाळ्यात एका शिक्षक मित्राच्या घरी मीही तोच प्रश्न विचारीत होतो. त्या वेळी माझ्या हातून जी चूक घडली, तिच्यातूनच प्रस्तुत लेखाचा विषय निघाला आहे.

सामान बांधणे ही एक विद्याच आहे. पुस्तके नेहमी लहान खोक्यांत भरावीत. मोठ्या खोक्यात भरल्यास ते उचलवत नाही व त्याचा तळ निसटतो. बश्या आडव्या रचू नयेत, कागदात गुंडाळून कडेवर उभ्या ठेवाव्यात, म्हणजे वरच्या बशीचा भार खालचीवर पडत नाही. हे सारे आम्ही यथासांग केले. नंतर मी टाकावयाच्या ढिगाकडे वळलो. आगपेट्यांची रिकामी खोकी, चिंध्या, पुठ्ठे आणि फुटक्या बांगड्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा, असा तो ऐवज होता. मित्राला न विचारता, मोठ्या तत्परतेने, मी तो उकिरड्यावर रिता करून आलो.

टेम्पो निघण्याच्या सुमारास मित्राची चौथीतील मुलगी घरभर काही शोधू लागली. "काका, माझा बांगड्यांचा डबा पाहिलात का?" या तिच्या प्रश्नाला उत्तर देणे मला जड गेले. आम्ही दोघे उकिरड्यापाशी गेलो. डबा मिळाला, काही तुकडेही मिळाले. पुष्कळसे राखेत व मातीत मिसळून गेले होते. त्यांतील हिरवे तुकडे तिच्या वारलेल्या आजीच्या चुड्याचे होते, असे वाटेत मित्राने सांगितले.

आपण शाळेत 'टाकाऊपासून टिकाऊ' हा उपक्रम घेतो तेव्हा ती वस्तू मुलाच्या दृष्टीने मुळात टाकाऊ असते किंवा नाही, याचा विचार क्वचितच करतो. या संदर्भात चंडीगढ येथील 'रॉक गार्डन'चे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. त्याचे निर्माते नेकचंद यांना 1947 च्या फाळणीत आपले गाव सोडावे लागले. पुढे ते चंडीगढच्या उभारणीत रस्ते निरीक्षक म्हणून नोकरीस लागले. नवे शहर वसविण्यासाठी जुनी खेडी उठविली जात होती. त्या मोडलेल्या घरांतील फुटकी भांडी, कौले, बांगड्या, विजेच्या दिव्यांचे जुने भाग असे सामान नेकचंद सायकलवरून गोळा करून आणीत. 1957 च्या सुमारास त्यांनी सरकारी जंगलाच्या जागेत कोणास न सांगता त्यांच्या मूर्ती घडविण्यास प्रारंभ केला. परवानगी नसल्यामुळे पुढे ते काम उघडकीस आल्यावर पाडून टाकण्याचा प्रश्न उभा राहिला. तथापि लोकांच्या आग्रहामुळे ते वाचले व 1976 साली उद्यान म्हणून खुले झाले. घरे गेली, परंतु त्या घरांतील बांगड्या आज बाहुल्यांच्या अंगावर दिसतात.

आता वर्गातील कामाविषयी. बिऱ्हाडाबरोबर येणाऱ्या खोक्यांचा पुठ्ठा तीन पदरी असतो : बाहेर दोन सपाट कागद व मधे लाटांप्रमाणे दुमडलेला तिसरा. दोन पुस्तकांच्या मधे साधा कागद पुलासारखा ठेवल्यास तो आपल्याच भाराने वाकतो. तोच पंख्याप्रमाणे दुमडून ठेवल्यास त्यावर खडूची पेटी राहते. हा प्रयोग मुलांकडून आधी करवून घ्यावा, मग पुठ्ठा कापावयास द्यावा. वरचा कागद ओला करून सोलला की आतील लाटा उघड्या पडतात. कौलारू छपरासाठी त्यांच्याइतके सोपे दुसरे साधन मला ठाऊक नाही.

रद्दीचे तुकडे रात्रभर भिजवून, पाणी पिळून, भिजलेल्या मेथ्यांबरोबर कुटले म्हणजे लगदा तयार होतो. आपल्याकडील जुन्या बायका अशाच लगद्याच्या टोपल्या पालथ्या भांड्यावर थापून करीत. मेथीचा चिकटपणा लगदा धरून ठेवतो व तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही. एखाद्या आजीबाईंस शाळेत बोलावून हे काम दाखविण्याची विनंती करावी. प्रशिक्षण वर्गात आम्हांस शिकविलेल्या पद्धतीपेक्षा त्यांची पद्धत सरस असते, असा माझा अनुभव आहे. पालथ्या भांड्यास आधी फडके गुंडाळण्यास मात्र विसरू नये, नाहीतर वाळलेली टोपली सुटत नाही.

काचेविषयी सावधगिरी हवी. बांगड्यांचे तुकडे लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. त्यांची टोके शिक्षकाने स्वतः खरखरीत दगडावर पाणी घालून घासावीत आणि ओल्या लगद्यात मुले सांगतील त्या जागी बसवावीत. ती जागा आपण ठरवू नये. साहित्य गोळा करतानाही मुलास आधी विचारावे : हे द्यावयाचे आहे का?

दिवाळीत मित्राच्या नव्या गावी गेलो होतो. दर्शनी भिंतीवर पुठ्ठ्याचे एक चित्र टांगलेले होते. उलगडलेल्या लाटांचे छप्पर, आगपेट्यांची दारे, चिंध्यांचे दोरीवर वाळणारे कपडे. जुने घर मी लगेच ओळखले. अंगणातील तुळस हिरव्या काचांची होती, परंतु ती अर्धीच भरली होती. उरलेल्या जागेत दुसऱ्या रंगाचे तुकडे का लावले नाहीत, असे मी विचारले.

"बाकीचे तिकडेच आहेत ना काका," ती म्हणाली, आणि मला आत चहा घ्यावयास घेऊन गेली.