पाहायच्या कविता आणि त्या कशा जपायच्या



कविता आपण चालीवर म्हणतो, पाठ करतो. पण काही कविता पाहायच्याही असतात. त्यांत अक्षरे कागदावर कुठे बसली आहेत, लहान आहेत की मोठी, यालाही अर्थ असतो. त्यांना चित्रकविता म्हणतात. इंग्रजीत अशा कवितेला काँक्रीट पोएट्री असे नाव आहे. ते ऐकून आमचा सगळा वर्ग हसला. आम्हाला वाटलं, स्लॅबची कविता! गुरुजी म्हणाले, "तसं नव्हे रे. एखादी वस्तू समोर दिसावी तशी जी कविता डोळ्यांना दिसते, ती."

माझी ताई चौथीत होती तेव्हा तिने याच भित्तिपत्रकात विहिरीची कविता लिहिली होती. ती अशी होती :

दोर
खा
ली
खा
ली
खा
ली
पाणी

शेवटचा 'पाणी' हा शब्द तिने मुंगीएवढा बारीक लिहिला होता. कारण चैत्रात आमच्या विहिरीचे पाणी तळाला जाते. तो शब्द वाचायला माणसाला वाकावे लागायचे, जसे आपण विहिरीत डोकावतो तसे. मी तेव्हा बालवाडीत होतो, तरी मला ते आठवते.

पुढे मे महिन्याच्या सुट्टीत कागद भिंतीवरच राहिला. जूनमध्ये कौलं गळाली आणि सगळी शाई ओघळली. ताईच्या मैत्रिणीने ती कविता वहीत उतरून घेतली होती, पण एका ओळीत : दोर खाली खाली खाली पाणी. शब्द सगळे आहेत, पण विहीर गेली. ताई ते वाचून गप्पच बसली.

आमच्या आजीला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात. तिला लिहायला येत नाही, तरी ओव्या राहिल्या. आजीच्या आईकडून आजीकडे आल्या, आजीकडून आईकडे. ओवी तोंडात राहते. चित्रकविता तोंडात राहत नाही. तिचा कागद गेला की ती गेली. म्हणून असे कागद जपून ठेवावे लागतात.

आपल्या देशात चित्रकाव्य फार जुने आहे. भारवी कवीच्या 'किरातार्जुनीय' या संस्कृत काव्याच्या १५ व्या सर्गात आणि माघ कवीच्या 'शिशुपालवध' काव्याच्या १९ व्या सर्गात असे श्लोक आहेत. एका प्रकाराला सर्वतोभद्र म्हणतात. त्याची अक्षरे चौकटीत मांडली की डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, वरून वाचा नाहीतर खालून वाचा, श्लोक तोच! दुसरा प्रकार पद्मबंध. त्यात अक्षरे कमळाच्या पाकळ्यांत बसवतात आणि मधले अक्षर पुन्हा पुन्हा वाचायचे असते. मी विचारले, "गुरुजी, हे कसे टिकले?" गुरुजी म्हणाले, "त्याला नियम आहेत. श्लोक पाठ असला की चौकट पुन्हा आखता येते." पण ताईच्या कवितेला असा नियम नव्हता. तिने मनाने विहीर काढली होती.

परदेशातही अशा कविता झाल्या. ब्राझील देशात साओ पावलो शहरात १९५२ साली दोन भाऊ आणि त्यांचा एक मित्र अशा तिघांनी आपला गट काढला. त्याचे नाव नॉइगांद्रेस. १९५३ साली स्वित्झर्लंडमध्ये ऑयगेन गोमरिंगर या कवीचे अशाच कवितांचे पुस्तक निघाले. मग १९५६ साली साओ पावलोच्या संग्रहालयात या कवितांचे प्रदर्शन भरले. म्हणजे चित्रे टांगतात तशा कविता भिंतीवर टांगल्या. आपल्या भित्तिपत्रकासारखंच की! स्कॉटलंडमध्ये इयन हॅमिल्टन फिनले या कवीने तर १९६६ पासून एक बाग फुलवली आणि तिथे दगडांवर शब्द कोरून घेतले. दगड पावसात राहतो. कागद राहत नाही.

आता सर्वांत मोठी गोष्ट सांगतो. अमेरिकेत मायामी बीच या गावी रूथ आणि मार्विन सॅकनर हे नवरा-बायको राहत होते. मार्विन हे फुप्फुसाचे डॉक्टर होते. दोघांनी १९७९ साली आपल्या घरीच चित्रकवितांचा संग्रह सुरू केला. पुस्तके, टाइपरायटरवर काढलेली चित्रे, पोस्टकार्डे, मोठाले कागद, सगळे त्यांनी जमवले. घराच्या भिंतीसुद्धा त्यांनी भरून गेल्या. नुसते जमवले नाही, तर त्यांच्या नोंदीही केल्या. रूथबाई २०१५ साली वारल्या. पुढे २०१९ साली हा संग्रह आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला. त्यात ७५,००० हून जास्त वस्तू आहेत. मार्विन २०२० साली वारले. दोघे गेले, पण कविता राहिल्या. आता विद्यार्थी तिथे जाऊन ते कागद पाहू शकतात.

आपल्याजवळ ७५,००० नाहीत. आमच्या वर्गाच्या या वर्षीच्या फक्त १४ आहेत. पण जपायची रीत तीच. गुरुजींनी सांगितली आणि आम्ही करून पाहिली, ती अशी :

(१) कागदाची घडी घालू नये. घडीवर कागद फाटतो. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवून नाडीने बांधावा.

(२) खळ लावू नये. पिठाच्या वासाने झुरळं आणि कसर येते. टाचणीही ठेवू नये, तिचा गंज लागतो. चिकटपट्टीचा पिवळा डाग पडतो.

(३) कडेचा कोरा भाग कापू नये. चित्रकवितेत कोरी जागाही कवितेतलीच असते. ताईच्या विहिरीत दोराच्या दोन्ही बाजू कोऱ्या होत्या, म्हणून तर ती विहीर दिसायची.

(४) मागच्या बाजूला पेन्सिलीने हळू लिहावे : नाव, इयत्ता, महिना, वर्ष. शाई पुढे उमटते.

(५) नोंदवहीत कवितेचा क्रमांक घालावा आणि वाचायला कुठून सुरुवात करायची तेही लिहावे. नाहीतर पुढच्या मुलांना कळणार नाही.

(६) ऊन, ओल आणि वाळवी यांपासून लांब ठेवावे. आम्ही पत्र्याची पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवली आहे. पावसाळा संपला की उघडून सावलीत वारा द्यायचा.

(७) उतरून घ्यायची असेल तर जशी आहे तशीच घ्यावी. बारीक अक्षर बारीकच, तिरपे अक्षर तिरपेच.

नोंदवहीत पहिला क्रमांक आम्ही रिकामा सोडला आहे. ताई आता नववीत आहे. मी तिला म्हटलं, "पुन्हा काढ की विहीर." ती म्हणाली, "तशीच येईल का रे?" पण परवा तिने माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला आहे.

पालकांना एक विनंती. तुमच्या घरी मोठ्या मुलामुलींचे असे जुने कागद असतील तर ते बंबात घालू नका. शाळेत आणून द्या. आम्ही पावती म्हणून नोंदवहीत तुमचे नाव लिहू. आणि ही भिंत पाहून झाल्यावर पेटीसुद्धा बघून जा. ती चौथीच्या वर्गात फळ्याच्या उजव्या बाजूला आहे.

— इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक ११