दरी बुडवायची, तर कशाच्या बदल्यात?

अमेरिकेतल्या आयडाहो आणि ओरेगन या राज्यांच्या सीमेवर स्नेक नदीने हेल्स कॅनियन नावाची दरी कोरली आहे. काही ठिकाणी तिची खोली दोन हजार मीटरच्याही पुढे जाते. १९६४ साली तिथे ‘हाय माउंटन शीप’ धरणाला परवाना मिळाला. वीज किती, खर्च किती, हे आकडे तयार होते. नावेतून जाणाऱ्यांचा, गळ टाकून बसणाऱ्यांचा, काठावर तंबू ठोकणाऱ्यांचा आनंद मात्र कुठल्याच रकान्यात नव्हता.

धरण सरकारने बांधायचं की कंपनीने, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६७ मध्ये न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी निकालात वेगळाच मुद्दा पुढे आणला: मुळात इथे धरण बांधावं का, हे आधी तपासा.

पण ज्याला बाजारभाव नाही ते तपासायचं कसं? हॅरोल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये राष्ट्रीय उद्यानांसाठी एक वाट दाखवली होती. उद्यानाचं तिकीट नाममात्र असलं, तरी माणूस तिथवर पोचायला पैसे आणि वेळ खर्च करतो. जवळून किती येतात, लांबून किती, हे मांडलं की खर्च वाढल्यावर किती जण गळतात ते कळतं. त्यावरून जागेचं मोल बांधता येतं. पद्धत उपयोगी, पण ती मोजते प्रवास परवडणाऱ्यांनाच. हेल्स कॅनियन ही नेझ पर्स या मूळनिवासी लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी. त्यांचं नातं प्रवासखर्चात कसं बसवणार?

अर्थशास्त्रज्ञ जॉन क्रुटिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या धरणाचं गणित उलटं मांडलं. दरीची पूर्ण किंमत काढण्याच्या फंदात ते पडलेच नाहीत. धरण तोट्याचं ठरायला दरीचा पहिल्या वर्षाचा लाभ किमान किती हवा, एवढंच त्यांनी विचारलं. उत्तर आलं सुमारे ८० हजार डॉलर. शिकार, मासेमारी आणि भटकंतीचा त्यांचा अंदाज होता ९ लाखांच्या आसपास.

उंबरठा इतका खाली आला, त्याचं कारण मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं. तंत्र सुधारतं तशी इतर मार्गांनी मिळणारी वीज स्वस्त होते, म्हणून धरणाचा फायदा वर्षागणिक झिजतो. दरी मात्र कुठल्या कारखान्यात तयार होत नाही. लोकांची मिळकत आणि मोकळा वेळ वाढला की तिची ओढ वाढते, म्हणून तिचा लाभ वर्षागणिक चढतो. शिवाय धरण पुढे कधीही बांधता येईल. बुडालेली दरी पूर्वीसारखी परत मिळणार नाही.

१९७५ च्या अखेरीस कायदा होऊन हा पट्टा राष्ट्रीय विहारक्षेत्र म्हणून राखला गेला. हाय माउंटन शीप धरण झालं नाही. वरच्या अंगाची तीन धरणं तोवर उभी राहिली होती. समुद्रातून अंडी घालायला येणारे सामन मासे आजही त्यांतल्या सर्वांत खालच्या भिंतीपाशी अडतात.