सुनीताबाईंना स्ट्रेचरवर का नेले?

२०२५ च्या मार्च महिन्यातील गोष्ट. माझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत एक जुना टीव्ही आहे. नंबर येईपर्यंत रुग्णांचा वेळ जावा, एवढाच त्याचा उपयोग. त्या सकाळी मात्र सगळ्यांच्या माना तिकडेच वळलेल्या होत्या. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर हे दोन अंतराळवीर आठवडाभरासाठी म्हणून गेले होते आणि २८६ दिवसांनी, आपल्या घड्याळाप्रमाणे १९ मार्चच्या पहाटे, फ्लोरिडाजवळ समुद्रात उतरले होते. यानातून बाहेर काढून त्यांना स्ट्रेचरवर ठेवले, ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवणे सुरू होते.

देवळीकडच्या एका खेड्यातील सत्तरी ओलांडलेली आजी आत आली ती हाच प्रश्न घेऊन. "काहून जी डॉक्टरसाहेब, बाई तं हासून राह्यली, हात हालवून राह्यली. मंग तिले बाजेवर घालून काहून नेऊन राह्यले?"

आजी आत आली म्हणजे मुलाने तिला दोन्ही हातांवर उचलून आणले होते. पंधरा दिवसांपूर्वी ताप उतरला होता, भूकही बरी होती. तक्रार एवढीच की पायात जीव नाही. ताप आल्यापासून घरच्यांनी तिला बाजेवरून खाली उतरू दिले नव्हते. जेवण बाजेवर, आंघोळ ओल्या कापडाने, बाकीचे विधी भांड्यात. सून मनापासून सेवा करीत होती, त्यात शंका नाही.

आजीच्या प्रश्नाचे आणि आजीच्या तक्रारीचे उत्तर एकच आहे, आणि ते मला फार उशिरा कळले, म्हणून आजचा हा लेख.

अंतराळाच्या बातम्यांचे वेड मला शाळेपासूनचे. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता आणि त्या घरच्या काकूंनी आम्हा पोरांना चपला बाहेर काढायला लावून आत घेतले होते. इंदिरा गांधींना त्यांनी दिलेले उत्तर सर्वांना पाठ आहे. पण त्या आठवड्यात शर्मांनी तेथे योगासनांचाही प्रयोग केला होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नाही. वजनच नसलेल्या ठिकाणी स्नायूंचे काय होते, हा प्रश्न तेव्हाही होता. पुढे १९९१ पासून दूरदर्शनवर 'टर्निंग पॉइंट' लागू लागले. त्यात प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या साध्यासुध्या प्रश्नांना उत्तरे देत, ती मी मेडिकलचा अभ्यास बाजूला ठेवून ऐकत असे.

आता उत्तर. अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते असे वाहिन्यांवर सर्रास सांगतात. ते खरे नाही. अंतराळस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंच फिरते आणि तेथेही पृथ्वीची ओढ इथल्या जवळजवळ नव्वद टक्के असते. विहिरीतून भरलेली बादली ओढताना दोर तुटला, तर बादली आणि पाणी एकाच वेगाने खाली जातात. तेवढ्या क्षणापुरता पाण्याचा भार बादलीच्या बुडावर पडत नाही. स्थानक आणि आतली माणसे अशीच सतत पृथ्वीभोवती पडत असतात. म्हणून पायांवर भार नाही, पाठीच्या कण्यावर भार नाही.

भार नाही म्हटल्यावर शरीर काटकसर सुरू करते. मांड्या, पोटऱ्या आणि पाठीचे स्नायू बारीक होऊ लागतात. शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांची घनता दर महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. म्हातारपणी ज्या झिजेला इथे वर्ष लागते, ती तेथे महिन्यात होते. ती रोखण्यासाठी अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात, स्वतःला पट्ट्यांनी खाली ओढून बांधून घेतात आणि मग धावतात. तरीही परतल्यावर उभे राहताच रक्तदाब उतरतो, चक्कर येते, तोल जातो. म्हणून स्ट्रेचर. ती खबरदारी आहे, आजार नव्हे. त्याच वर्षी १५ जुलैला परतलेले शुभांशु शुक्ला यांनी तर सांगितले की, पलंगावर बसून काम झाल्यावर लॅपटॉप त्यांनी सवयीने कडेला सोडून दिला, तो तरंगेल अशा समजुतीने! त्यांनी नेलेल्या मेथी-मुगाची बातमी घरोघरी पोचली. वजनरहित अवस्थेत स्नायूंच्या पेशींची वाढ कशी होते, हाही प्रयोग त्यांच्याकडे होता. माझ्या रुग्णांना त्याचा उपयोग अधिक, पण मेथी दाखवायला सोपी.

टीव्हीवरच्या प्रयोगांचे हे असेच असते. मुलांच्या कार्यक्रमात एक प्रयोग हमखास दाखवतात. कोंबडीचे हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचे, काही दिवसांनी ते रबरासारखे वाकते. आम्लाने कॅल्शियम विरघळते आणि चिवट प्रथिनांचा सांगाडा तेवढा उरतो. प्रयोग खरा आहे, मुलांनी जरूर करावा. पण तो पाहून मोठी माणसे एवढेच शिकतात की कॅल्शियम म्हणजे हाड, आणि दवाखान्यात येऊन गोळी मागतात. अंतराळवीरांच्या आहारात कॅल्शियमची कमतरता नसते. तरी त्यांच्या हाडांतून ते निघून लघवीवाटे जाते, इतके की मूतखड्याचा धोका वाढतो. भांड्यातले हाड मेलेले असते. आपल्या अंगातले हाड जिवंत असते, ते रोज थोडे मोडते आणि रोज थोडे बांधले जाते. कोठे बांधायचे हे त्याला पडणाऱ्या भारावरून कळते. भारच नसेल तर कितीही कॅल्शियम दिले तरी ते एकटे पुरत नाही. गरज असेल तेथे गोळी द्यावी लागतेच, मीही देतो.

२०१९ मध्ये एक बातमी सगळ्यांनी चवीने पाहिली होती. जर्मनीत साठ दिवस अंथरुणावर पडून राहण्याचे १६,५०० युरो मिळणार, म्हणजे तेव्हाच्या भावाने बारा-तेरा लाख रुपये. आमच्या एका कंपाउंडरने अर्ज कुठे मिळतो म्हणून विचारले होते. त्यातली गंमत बाजूला ठेवा. अंतराळात शरीराचे काय होते हे जमिनीवर तपासायचे, तर धडधाकट माणसाला झोपवून ठेवणे हाच शास्त्रज्ञांना सापडलेला जवळचा मार्ग आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवले होते. श्रम करताना प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता एक-चतुर्थांशाहून अधिक उतरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा ते पन्नाशीचे होते. तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता घटली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने घटली होती. हे विशीतल्या तरुणांचे झाले. दुसऱ्या एका अभ्यासात साठी-सत्तरीच्या निरोगी माणसांना दहाच दिवस झोपवले, तर पायांचे जवळपास एक किलो मांस गेले.

आता माझी चूक सांगतो. व्यवसाय सुरू करून दोन-तीन वर्षे झाली असतील. सेलूकडचे एक शेतकरी न्यूमोनिया होऊन आले. वय पासष्ट, काटक शरीर, आजार होण्याआधी रोज बंडी जुंपणारे. औषधाने आठवड्यात फुप्फुसे साफ झाली. मी खूश झालो आणि मोठ्या रुबाबात म्हणालो, "महिनाभर पूर्ण आराम. यांना हलू देऊ नका." घरच्यांनी डॉक्टरचा शब्द अक्षरशः पाळला. छपरीत बाज टाकली, आळीपाळीने माणूस बसवला. महिना संपल्यावर ते उठले आणि न्हाणीच्या दाराशी कोसळले. खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ते कधी चालले नाहीत. पाठीला जखमा झाल्या आणि चार महिन्यांत गेले. त्यांच्या मुलाने मला दोष दिला नाही. उलट तेराव्याला बोलावणे आले. मी गेलो, जेवलो आणि घरी येऊन पुस्तक उघडले. सगळे त्यात लिहिलेले होते, परीक्षेसाठी मी ते वाचलेही होते.

तेव्हापासून 'आराम' हा शब्द मी चिठ्ठीवर एकटा लिहीत नाही. किती दिवस आणि किती वेळ, तेही लिहितो. ताप उतरला की म्हाताऱ्या माणसाला आधी बाजेच्या काठावर पाय खाली सोडून बसवा. पाच मिनिटे तसेच बसू द्या, कारण एकदम उभे केल्यास चक्कर येते. मग धरून उभे करा, मग दारापर्यंत चालवा, आणि संडासला शक्यतो चालतच न्या. ज्याला उठताच येत नाही त्याने पडल्या पडल्या पावले वर-खाली करावीत, मांडी आवळून धरावी आणि सोडावी. जेवणात नुसता साबुदाणा किंवा पेज नको. घट्ट वरण, दूध, अंडे, उसळ, शेंगदाणे यातले जे चालेल ते हवे. स्नायू त्यातूनच बनतात.

मात्र हार्ट अटॅक, लकवा, मोडलेले हाड यांत कधी आणि किती हलायचे हे डॉक्टरांनाच विचारावे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर चोळू नये, लगेच दाखवावे. शिरेत गुठळी असू शकते. खुब्याचे हाड मोडल्यावर सहा-सहा आठवडे वजन बांधून झोपवण्याचा काळ मागे पडला आहे. शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया करून बहुधा दुसऱ्याच दिवशी उभे करतात. "इतक्या लवकर?" म्हणून नातेवाईक भांडतात, ते मी अनेकदा ऐकले आहे.

त्या दिवशी आजीचा रक्तदाब झोपवून आणि उभे करून पाहिला. रक्त आणि साखर तपासली. दोष सापडला नाही. मुलगा म्हणाला, "सलाईन तरी लावा." मी लावली नाही, तो नाराज झाला. मग आजीला दोन बाजूंनी धरून टेबलापासून बाहेरच्या टीव्हीपर्यंत चालवले. अकरा पावले झाली. दर दोन दिवसांनी पाच पावले वाढवायची, असे तिच्या सुनेला फोनवर समजावून सांगितले. सूनबाई चौथी शिकलेली, पण हिशेब चोख. तिने भिंतीवर कोळशाने रेघा ओढून ठेवल्या, असे मागाहून कळले.

दीड महिन्याने आजी एस.टी.ने आली. दवाखान्याच्या तीन पायऱ्या कठडा धरून चढली. लाईट गेलेली होती, टीव्ही बंद होता. खुर्चीवर टेकायच्या आधीच तिने विचारले, "ते बाई चालाले लागली काय जी?"

लागली, असे मी सांगितले.