पाऊण तासाचा गोंधळ

डिसेंबरातला रविवार, दुपारचे तीन. पुण्यात शेतकी कॉलेजच्या मैदानावर भीमथडी जत्रेत पाय ठेवायला जागा नाही. २००६ मध्ये सुरू झालेल्या या जत्रेत निम्मं पुणं खाण्यासाठी येतं, हे काही गुपित नाही. आम्हीही त्यातलेच. बचत गटाच्या ताईंकडून गरमागरम थालीपीठ घ्यायचं, वर लोण्याचा गोळा, दोन-चार फोटो आणि कल्टी. प्लॅन एकदम फिक्स!

पहिला घास तोंडात जातोय तोच मागून आवाज आला, कडाड्! नवऱ्याला वाटलं, स्पीकर फुटला. स्पीकर नव्हे बॉस, संबळ!

वळून पाहिलं तर गोंधळी उभे. पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळभर कुंकू. एकाच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या हातात तुणतुणं, तिसऱ्याकडे झांजा. बास. ना ड्रमकिट, ना कीबोर्ड. संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेले दोन छोटे नगारे. एक खर्जात घुमतो, दुसरा टणटणीत बोलतो. वाजवायला दोन काठ्या, त्यातल्या एकीचं टोक वाकडं. तुणतुण्याला तर तार एकच, पण गाणाऱ्याचा अख्खा सूर तिच्यावर उभा असतो.

सुरुवात झाली देवांना आवतण देण्यापासून. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा... एकेक नाव घेतलं की संबळाची लय चढायची. समोरची कॉलेजची पोरं आधी फोन वर धरून उभी होती. दहा मिनिटांनी फोन खिशात गेले आणि टाळ्या सुरू झाल्या.

आपल्या पिढीची गोंधळाशी ओळख बहुतेक सिनेमातली. २००४ च्या ‘अगं बाई अरेच्चा!’मधली शाहीर साबळेंच्या आवाजातली ‘मल्हारवारी’ लागली की आपण आजही उठून नाचतो. खरा गोंधळ मात्र मी आधी एकदाच ‘अटेंड’ केला होता. माझ्याच लग्नात!

लग्न झालं की कुलदेवतेचा गोंधळ घालायचा, ही आमच्याकडची रीत. आई महिनाभर मागे लागली होती. मी म्हटलं, ‘आई, सोमवारी क्लायंट कॉल आहे. अर्ध्या तासात उरकायला सांग.’ त्यांनी उरकला. सोसायटीत कटकट नको म्हणून संबळही हळू वाजवायला लावला. मी सगळा वेळ मोबाइलमध्ये. आई काहीच बोलली नाही, नुसती दिवटीवर तेल घालत राहिली.

कार्यक्रम संपल्यावर संबळवाल्या काकांना गाठलं. ‘काका, एवढाच असतो गोंधळ?’

ते हसले. ‘ताई, गोंधळ रातचा. चौक भरायचा, घट मांडायचा, देवांना आवतण द्यायचं. मग आख्यान, आन् पहाटं आरती. इथं पाऊण तास मिळतो. देव यायच्या आत आम्ही खाली उतरतो.’

‘आणि मुलगा? तो शिकलाय का?’

‘शिकलाय की. पण अर्ध्या तासापुरतंच. लोक तेवढंच मागत्यात.’

हातातलं थालीपीठ कधीच गार झालं होतं. काकांना काय सांगणार, की ते ‘लोक’ म्हणजे मीच?

पार्किंगमधूनच आईला फोन लावला. ‘आई, आपला गोंधळ परत घालता येईल का गं? रात्रभराचा?’

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग आई म्हणाली, ‘येईल की. पण सोमवारी कॉल नाही ना तुझा?’

जाताय? मग एवढं कराच

- आधी गाणं, मग खाणं. थालीपीठ पुन्हा गरम मिळेल, आवतण पुन्हा ऐकायला मिळणार नाही.
- गोंधळ्यांना विचारा, ‘कदमराई की रेणुराई?’ कदमराई तुळजाभवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. गप्पा आपोआप रंगतील.
- घरच्या कार्याला बोलवाल तेव्हा घड्याळ दाखवू नका. निदान आख्यान तरी पूर्ण होऊ द्या.