पगाराचा दुसरा दिवस

सकाळी 6.30
सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचं गेट. रात्रपाळी सुटते, पहिली पाळी आत शिरते, तेवढ्या वेळात युनियनची वर्गणी गोळा करायची. काल सात तारखेला पगार झालाय. महिन्याचे 50 रुपये. रोख असोत की यूपीआय, पावती लगेच हातात.
"भाऊ, पोराची फी भरली. पुढच्या महिन्यात दोन्ही देतो," एक हेल्पर म्हणाला. थकबाकीत नाव लिहिलं.

सकाळी 11.30
जेवणाची सुट्टी. एकाने शिल्लक विचारली, वही पुढे केली. सभासदाला हिशेब पाहण्याचा हक्क 1926च्या ट्रेड युनियन कायद्याने दिला. तो नसता तरी वही दाखवलीच असती, कारण पैसा त्यांचा आहे.

दुपारी 4.00
बँक. रोकड आजच्या आज भरली. लढानिधीच्या ठेवीची मुदत संपली होती. या वेळी एकाच्या दोन ठेवी केल्या, वेगवेगळ्या मुदतींच्या. निम्मी रक्कम लागली तर सगळी मोडायला नको. अर्जावर अध्यक्ष आणि खजिनदार म्हणून मी, दोघांच्या सह्या.

संध्याकाळी 5.30
युनियनचं ऑफिस. कीर्द लिहिली: भाडं, हँडबिलांची छपाई, कामगार न्यायालयातल्या तारखेची वकील फी. प्रत्येक खर्चाला व्हाउचर.

संध्याकाळी 7.00
कार्यकारिणी. निवडणुकीत एका उमेदवाराला निधीतून मदत करू, अशी सूचना आली. मी विरोध केला. राजकीय कामासाठी कायद्याने वेगळा निधी सांगितलाय आणि त्यात वर्गणी देण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही. सूचना मागे घेतली गेली.
मग फळ्यावर हिशेब मांडला. आपण 180 जण. संप झाला आणि प्रत्येक घराला आठवड्याला 1000 रुपये द्यायचे ठरवले, तर लागतील 1 लाख 80 हजार. महिन्याची वर्गणी जमते 9 हजार. म्हणजे एका आठवड्यासाठी 20 महिन्यांची वर्गणी, तीही दुसरा काहीच खर्च न करता.
खोलीत मुंबईच्या गिरणगावातल्या घरांतून आलेले दोघे होते. 18 जानेवारी 1982ला सुरू झालेल्या गिरणी संपात पगार थांबल्यावर घर कसं चालतं, हे त्यांनी घरातच पाहिलेलं. वर्गणी 75 रुपये करण्याचा ठराव आमसभेपुढे ठेवायचं एकमताने ठरलं.

रात्री 9.00
ऑफिसला कुलूप.

वाटाघाटीत मालक कामगारांची ताकद युनियनच्या शिलकीवरूनही जोखतो. तुम्ही कुठल्याही युनियनचे सभासद असा, या महिन्यात वर्गणी भरा, पावती मागा आणि लढानिधीत किती रक्कम आहे ते खजिनदाराला विचारा.